तुझ्या भिनांना सांग

"ओ भुला, तुझ्या भिनांना सांग रे, पाय गारठले माझे!"

उमेद सिंहच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. कालामुनीच्या चढावर, बर्फावरून येणाऱ्या वाऱ्यात, जीपच्या पुढच्या सीटवरून मान मागे वळवून खिमुलीदीदी ओरडायची. तिचा नवरा लछम सिंह तिच्या शेजारीच, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसून गाडी हाकत असायचा. पण त्याला थेट सांगायचं तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. चार माणसांत नवऱ्याशी बोलायचं ते कुणाच्या तरी खांद्यावरून, हे वळण तिला लग्नापासून पडलेलं. सासू होती तोवर सासूच्या, पोरगा झाला तेव्हा पाळण्यातल्या पोराच्या, आणि धाकटा भाऊ जवळ असला की मग काय, हक्काचा भुलाच होता.

उमेद मागच्या सीटवरून निरोप पोचवायचा. "भिना, दीदीचे पाय गारठले."

मेहुणा एकदा ऐकलेलं पुन्हा ऐकून घ्यायचा आणि समोरच्या वळणावरची नजर न काढता उत्तर धाडायचा. "तुझ्या दीदीला सांग, देऊळ आलंच."

"भुला, भिनांना विचार, देवळात शेगडी असते का?"

मागे बसलेली माणसं पोट धरून हसायची. वीतभर अंतरातला संसार, आणि त्याचं टपाल उमेदच्या हाती.

एका चैतात उमेदनं त्यावर तोड काढली. चैत लागला, आडूची झाडं गुलाबी झाली, रानात घुघुती पाखरं घुमू लागली की पहाडातल्या लेकीबाळींचे डोळे वाटेला लागतात. माहेरचा भाऊ भिटौली घेऊन येणार, पुऱ्या आणणार, रव्याचे सिंगल आणणार, एखादं लुगडं आणणार. उमेदनं त्या वर्षी पुऱ्या नेल्या, सिंगल नेले, आणि लुगड्याच्या जागी पोत्यात गुंडाळून एक हीटर नेला. भंगारात निघालेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीचा तो डबा. आत तांब्याच्या बारीक नळ्यांची जाळी, मागं इवलासा पंखा. इंजिनातलं गरम पाणी त्या नळ्यांतून फिरवायचं आणि पंख्यानं ती ऊब पायांवर सोडायची. जाणाऱ्या पाण्याला एक पितळी तोटी, येणाऱ्या पाण्याला एक, आणि दोन्ही तोट्या एकाच तारेवर. डॅशबोर्डखालचा खटका ओढला की उघड, ढकलला की बंद. डबा त्यानं बसवला तो डाव्या बाजूला, नेमका दीदीच्या पायांसमोर. उजवीकडे त्याची झुळूकसुद्धा जात नव्हती.

"मी काय पाप केलं?" लछमनं विचारलं होतं.

"तुमच्या बहिणींना सांगा, भिना. भिटौली बहिणीची असते."

गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कुणाचा भाऊ साडी आणतो, खिमुलीचा भाऊ चूल घेऊन आला! खिमुलीनं चपला काढल्या, दोन्ही पाय पुढं केले, डोळे मिटले आणि तिथल्या तिथं जोड बांधला. पहाडात जोड म्हणजे दोन ओळींचं गाणं. पहिली ओळ नुसती यमकाची, काहीही असली तरी चालते. सांगायचं ते सगळं दुसरीत. खिमुली गायली,

"शेतात पिकला मडुवा, पेंढी राहिली ओली,
भावानं आणली चैतात उबेची भिटौली."

आणि लगेच डोळे उघडून म्हणाली, "भुला, तुझ्या भिनांना सांग, त्यांनीपण एक बांधावा."

लछम गुणगुणला, "धारेवर ऊन आलं, पाण्याला गेल्या पोरी..." आणि थांबला. सगळे वाट बघत राहिले. तो बॉनेट उघडून पाणी बघायला निघून गेला.

"बघितलंस?" खिमुली म्हणाली. "पहिली ओळ काय सुंदर येते माणसाला! दुसरी गिळून टाकतात. इतकी वर्षं झाली, माझ्या वाटची दुसरी ओळ त्यांच्या पोटातच आहे."

त्या गोष्टीला किती चैत झाले, उमेदनं कधी मोजलं नाही. आता मोजायचा तो एकच काळ उरला होता, दीदी गेल्यापासूनचा. पुसाच्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला आणि बर्फानं रस्ता मोकळा करेपर्यंत ती थांबली नाही. क्रिया आटोपली, डोकं भादरलेला लछम दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढून स्टँडवर उभा. डोळे कोरडे. "मुनस्यारी, मुनस्यारी!" अशी हाक मारत माणसं भरत होता. ते उमेदच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर तो दीदीच्या घरी गेलाच नाही. चैत आले, घुघुती घुमल्या. कुणाकडे जायचं होतं?

आणि आज, चैतातच, ती जीप थलच्या पुलाजवळ त्याच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली.

लछम उतरला. कार्तिकात सर्व्हिसिंगला आला होता त्याहून म्हातारा दिसत होता. गालफडं आत गेली होती, पण गाडीची काच अजून आरशासारखी.

"नमस्कार, भिना."

"जीता रह. बघ हिला. पाणी पिते."

"किती पिते?"

"तेजमला पोटभर पाजतो, बिर्थीला परत मागते. कालामुनी गाठेपर्यंत काटा तांबड्यात. परवा वळणावर उकळली, माणसं उतरून चालत गेली."

"खाली गळते?"

"थेंब नाही. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी पुठ्ठा जसाच्या तसा." लछमनं आवाज उतरवला. "शिबू म्हणतो, हेडची गॅस्केट गेली. भंगारात घाला म्हणतो."

शिबू त्याचा मुलगा, रुद्रपूरला कारखान्यात होता.

"रुद्रपुरातून बघितली होय त्यानं?"

"फोनवर खोकला ऐकून डॉक्टर औषध देतो, तसं." लछम हसला, पण ते हसू टिकलं नाही. "खरंच हेड असलं तर?"

उमेद बॉनेट उघडायला वळला. या इंजिनाचं हेड त्यानंच इतक्यांदा घासून सपाट केलं होतं की आता घासायला धातू उरला नव्हता. गॅस्केट फुटली असेल, पाणी आतल्या आत सिलिंडरमध्ये जळत असेल, तर जीप संपली. आणि जीप संपली की भिना रिकाम्या घरात बसणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

"म्हणून तुझ्याकडे आणली," लछम म्हणाला. "दुसऱ्यानं आधी हेडच उघडलं असतं."

इंजिन निवल्यावर उमेदनं रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बघून मागे सरला.

"भिना, हे काय? कढी शिजवलीत का? भात कुठंय?"

पाणी पिवळंजर्द होतं.

"हळद टाकली."

यात नवल नव्हतं. रेडिएटरला बारीक भोक पडलं की पहाडातला प्रत्येक ड्रायव्हर आत चिमूटभर हळद सोडतो. हळद फुगते, भोकात बसते, गाडी घरी पोचते.

"चिमूटभर टाकतात हो! हा डबा उपडा केलाय."

"डब्यात तेवढीच होती."

"कुठली हळद?"

"घरची."

उमेदचा हात झाकणावर थांबला. घरची म्हणजे दीदीची. घरामागच्या पट्टीत ती हळद लावायची, उकडायची, गच्चीवर वाळवायची, उखळात कुटायची. कुटून झालं की हात महिनाभर पिवळे राहायचे. ती गेल्यावर पट्टीत कुणी काही लावलं नव्हतं. म्हणजे हा शेवटचा डबा.

"दीदीची हळद इंजिनात ओतलीत?"

लछमनं पाण्याचा डबा उचलला, खाली ठेवला, आणि रस्त्याकडे तोंड करून गुणगुणला, "धारेवर ऊन आलं, पाण्याला गेल्या पोरी..." पुढं काही नाही. उमेद रागानंच कामाला लागला.

राग बाजूला ठेवला तर हळद उपयोगाचीच होती. पाणी पाझरतं आणि वाळून जातं, जागा सांगत नाही. हळद वाळली तरी डाग ठेवते. जिथून पाणी जातंय तिथं पिवळं दिसायलाच हवं. उमेदनं टॉर्च घेतला, हातातला छोटा आरसा घेतला, आणि इंजिनाच्या पोटाखाली शिरला. रेडिएटरचे सांधे बघितले, कोरडे. वरचा पाइप, खालचा पाइप, क्लिपा, कोरड्या. पंपाच्या खालच्या भोकाला बोट लावून बघितलं, बोट काळं झालं, पिवळं नाही. इंजिनाच्या अंगावरच्या गोल चकत्या गंजून फुटतात, त्याही शाबूत. झाकणाचं रबर मऊ आणि धड.

मग आतली तपासणी. तेलाची काठी काढली. पाणी तेलात उतरलं असतं तर तेल ताकासारखं झालं असतं. ते काळंशार होतं. इंजिन चालू करून धुराखाली तळवा धरला, हुंगला. पाणी जळत असलं की धूर पांढरा आणि गोडसर लागतो. धुराला नुसता डिझेलचा वास. झाकण उघडं ठेवून पाण्यात टक लावली. गॅस्केटमधून हवा शिरली की बुडबुडे येतात. पिवळं पाणी शांत.

शेवटी त्यानं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवला, आत दाब भरला आणि पंपावरच्या काट्याकडे बघत चहा प्यायला. चहा संपला. काटा हलला नाही.

"दुकानात शहाणी आहे ही," तो म्हणाला. "रस्त्यावर तहान लागते." मग, विचारायचं म्हणून, "हीटर लावता का?"

लछम पान्याला लागलेलं वंगण फडक्यानं पुसत होता. त्याचा हात जरा थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

"कुणासाठी लावू?"

उमेदला उगाच विचारलंसं झालं. त्यानं हीटर मनातून खोडून टाकला.

उरलं काय? गार असताना मिटलेली आणि चढावर, ओझ्याखाली, तापल्यावर उघडणारी गॅस्केट. ज्याचं नाव घ्यायचं नव्हतं ते एकटंच शिल्लक राहिलं होतं.

"उद्या मी तुमच्याबरोबर वर येतो," तो म्हणाला. "चढावर बघतो. तिथंही काही सापडलं नाही, तर मग भिना..."

"तर मग हेड," लछम म्हणाला. "कळलं."

सकाळी निघताना उमेदच्या बायकोनं, हिरुलीनं, फडक्यात बांधलेलं पुडकं पुढं केलं. फडक्यातून तुपाचा वास येत होता. सिंगल.

"भिनांना द्या."

"भिटौली बहिणीला असते, भिनाला नाही."

"मग दीदीच्या घराला द्या. त्या घराला तरी कळू दे चैत आलाय."

"त्याला काय कळतंय? तेराव्याला गाडी घेऊन निघाला होता."

"तुम्ही काय केलंत त्या दिवशी?" हिरुलीनं विचारलं.

त्या दिवशी उमेदही गॅरेजात येऊन कुणाचा तरी ब्रेक उघडून बसला होता. त्यानं पुडकं हत्यारांच्या पिशवीत कोंबलं.

स्टँडवर जीप भरली होती. मागं मुनस्यारीच्या शाळेचे मास्तर, एक नवं जोडपं, आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसलेली म्हातारी पारू आमा, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. पुढची डावी सीट मोकळी. उमेदनं त्या बाजूचं दार उघडलं.

"तू मागं बस," लछम म्हणाला.

"का? सीट तर रिकामी आहे."

"मागंच बसायचास ना नेहमी?"

उमेदचा चेहरा उतरला. तो मागं जाऊन त्या सीटच्या पाठीमागे अवघडून बसला. पारू आमानं त्याच्याकडे सरकून सगळ्या जीपला ऐकू जाईल असं कुजबुजून सांगितलं, "त्या सीटचं विचारू नको हो. मी एकदा विचारलं, लछमा, माझ्या गुडघ्यांवर दया कर, पुढं बसव. तर म्हणे, सामान यायचंय. नाचनी गेलं, बिर्थी गेलं, मुनस्यारी आलं. सामानाचा पत्ता नाही!"

"आमा, सामान मोठं आहे, वेळ लागतो," लछम पुढून म्हणाला.

"इतकं कुणाचं मोठं सामान रे? हत्ती मागवलायस का?"

मास्तर हसले. कोंबडीनंही काहीतरी मत दिलं.

खोऱ्यात उकाडा होता. रामगंगेच्या काठचे गहू पिवळे पडायला आले होते. सगळ्या काचा खाली, तरी नव्या नवरीच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं. लछमच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. उमेद मागून मान उंच करून काट्याकडे बघत होता. तेजमला थांबून पाणी बघितलं, वरपर्यंत भरलं. बिर्थीला धबधब्याखाली पुन्हा थांबले, इंजिन निवू दिलं, झाकण उघडलं, तर पातळी वीतभर खाली. उमेद रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरला. धूळ. कोरडी, पांढरी धूळ.

"भुताचा छळ आहे हा," पारू आमानं वरून निदान केलं. "कुणीतरी तहानलेलं बसलंय हिच्यात. गोलज्यू देवाला नवसाची घंटा बोल, लछमा. मोठी बोल, लहान घंटेला तो कान देत नाही."

लछम झऱ्यावर गेला, डबा भरून आणला, आधी रेडिएटर भरला आणि उरलेल्या पाण्याची ओंजळ करून मग स्वतः प्यायला. उमेद बघत राहिला. ही दीदीची शिस्त. "भुला, भिनांना सांग, आधी तिला पाजा, मग तुम्ही प्या. ती आपल्याला वाहून नेते." ती शिस्त या माणसानं मोडलेली नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलेलं त्याला आवडलं नाही. रागावलेल्या माणसाला असलं काही दिसलेलं नको असतं.

बिर्थीच्या वर खरा चढ लागला. वळणामागून वळण, बाजूला बुरांसची झाडं फुलांनी लालेलाल पेटलेली, आणि वारा एकाएकी बर्फाचा. मास्तरांनी काचा वर घेतल्या. आमानं कोंबडी शालीत घेतली. इंजिन दम खात खात वर चढत होतं.

तेव्हा पुढच्या काचेवर धुकं धरायला लागलं. धुकं आतून होतं आणि फक्त डाव्या बाजूला. खालून वर चढत जाणारं, कुणी तिथं बसून काचेवर श्वास सोडत असावं तसं. लछमची बाजू लख्ख होती. त्यानं वळण घेता घेता डावा हात लांब केला, फडक्यानं रिकाम्या सीटसमोरची काच पुसली. इतक्या सवयीनं, की रोजचंच काम.

आणि उमेदला वास आला. उबदार, गोडसर. हळद घातलेलं दूध चुलीवर तापत असावं तसा. त्याला वाटलं, आठवण आली. दीदीच्या स्वयंपाकघराची, तिच्या पिवळ्या हातांची. त्यानं डोळे मिटले. मग उघडले. काच पुन्हा धुकटत होती. आठवणीनं घसा भरतो, डोळे भरतात. काच भरत नाही.

गोडसर वास तर कूलंटचा होता. कार्तिकात गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा त्यानंच ते हिरवं पाणी आत भरलं होतं.

तो वाकला. पुढच्या सीटखालून हात सरकवला. पायपुसणं भिजलेलं होतं, आणि ऊन. अजून पुढं हात नेला तर मनगटावर गरम वारा लागला आणि इवल्या पंख्याची घरघर बोटांना जाणवली. त्यानं हात मागं घेतला, उजेडात धरला. बोटं पिवळी.

"काय रे, काय सापडलं?" आमानं विचारलं.

"काही नाही, आमा. बटाटा पडला होता."

कालामुनीला देवळापाशी जीप थांबली. कुठलीही गाडी इथं घंटा वाजवल्याशिवाय पुढं जात नाही. माणसं उतरली, आमा कोंबडीसकट देवळाकडे गेली. लछम बॉनेटपाशी उभा राहिला, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखा. उमेदनं पुढचं डावं दार उघडलं आणि पायपुसणं उचललं.

खाली पत्र्यावर सगळीकडे हळद साचली होती. ओली, पिवळीधमक, कडांना वाळून पापुद्रे धरलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हळद लावतात तेव्हा तिच्या पायांखालचा पाट असा होतो. पत्र्याच्या खोलगट भागात पाणी धरून राहिलं होतं. म्हणूनच खाली रस्त्यावर थेंब पडत नव्हता. आणि हे पायपुसणं दोन वर्षांत कुणी उचललेलं नव्हतं. सीट रोज पुसली जायची, काच रोज पुसली जायची, पण तिनं पाय ठेवायच्या जागेला कुणी हात लावला नव्हता.

डॅशबोर्डखालचा खटका पूर्ण बाहेर ओढलेला होता. काल गॅरेजच्या दारात येण्याआधी भिनांनी तो आत ढकलला असणार. दोन्ही तोट्या बंद, मग पंपाचा काटा हलेल कशाला?

"हेड नाही, भिना!" तो ओरडला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "हेडला काही झालं नाही. शिबूला सांगा, इंजिन अजून त्याच्या पोरांना शाळेत नेईल."

लछमचे डोळे लकाकले. त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. "मग काय आहे?"

"हीटरच्या डब्यातली नळी पिचली. भंगारातलाच डबा होता, किती टिकणार? काही काम नाही. तो डबा काढून टाकतो, दोन पाइप एकमेकांना जोडतो. इथंच जोडतो, आत्ता. पुन्हा थेंब जाणार नाही." तो पिशवीतून पाना काढू लागला.

"नको."

"काय नको?"

"डबा काढू नको. दुसरं काहीतरी कर."

"दुसरं काय करू? जाळी कुजली आहे, डाग धरणार नाही. असला डबा आता मिळायचा तर हल्द्वानीच्या भंगारात शोधावा लागेल."

"शोध मग."

"आणि तोवर?"

"तोवर पाजत जाईन मी पाणी. वाटेत झरे काय कमी आहेत?"

उमेद पाना हातात घेऊन उभा राहिला. सगळा जुना राग वर आला आणि नेमका कशावर काढायचा ते त्याला कळेना. "भिना, खोऱ्यात माणसं घामानं भिजत होती. तुमच्या बाह्या वर होत्या. हा वारा तुमच्या अंगाला लागतसुद्धा नाही, मीच बसवलाय, मला माहीत आहे. गाडी उकळते, माणसं रस्त्यावर उतरतात, पोरगा भंगारात घाला म्हणतो, घरची हळद संपवलीत, मी विचारलं तर मला उलट विचारलंत. मग आता मी विचारतो. कुणासाठी लावता?"

लछम पलीकडच्या पंचाचुलीकडे बघत राहिला. पाचही शिखरं उन्हात चकाकत होती. देवळात आमा घंटा वाजवत होती, एकदा वाजवून तिचं समाधान होत नव्हतं.

"धारेवर ऊन आलं," लछम गुणगुणला, "पाण्याला गेल्या पोरी..."

आणि थांबला. जिथं नेहमी थांबायचा तिथंच.

उमेदनं पाना पिशवीत टाकला. पिशवीत हात गेला तसं तुपकट फडकं बोटांना लागलं. त्यानं पुडकं बाहेर काढलं, गाठ सारखी केली आणि वाकून पुढच्या डाव्या सीटवर ठेवलं. मग वळून मागचं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी, त्या सीटच्या पाठीमागे, जाऊन बसला.

लछम गाडीत आला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. शेजारच्या पुडक्याकडे त्यानं एकदा बघितलं, तुपाचा वास घेतला. चैताचा वास. हीटरचा पंखा घरघरत होता. त्यानं घसा साफ केला, समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही, मागं वळला नाही.

"उमेदा," तो म्हणाला, "तुझ्या दीदीला सांग. हीटर रोज लावतो मी. गेल्यापासून एक दिवससुद्धा तिचे पाय गारठू दिले नाहीत."